कुलेश्वराच्या वाटेवर कणकेची गोळी

पाय गेला तेव्हा मी देवावर रागावले नव्हते. रागावले ती नंतर वर्षभराने, एका एवढ्याशा जखमेवरून. लोकांना हे उलटं वाटतं, पण माझं तसंच झालं. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. गिट्टी, रेती, लोखंडाच्या सळया घेऊन ट्रकांची रस्त्यावर नुसती रीघ लागलेली असे, आणि अशाच एका ट्रकनं माझ्या मोपेडला मागून उडवलं. शुद्धीवर आले तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. रडले, खूप रडले. तरी मनात पक्कं होतं की जीव वाचला तो महादेवानं वाचवला, पाय घेऊन सोडलं. माहेरी आर्वीला असल्यापासून मी सोमवार करत आलेली. लग्न होऊन रायपूरच्या गुढियारीत आले, सासरे रेल्वेत, नवराही रेल्वेत मालधक्क्याच्या ऑफिसात. घर बदललं, गाव बदललं, पण सोमवार सुटला नाही. इस्पितळाच्या खाटेवरसुद्धा मी पडल्या पडल्या शिवाचं नाव घेत होते आणि भेटायला येणाऱ्या बायकांनाच धीर देत होते. ब्राह्मणपाऱ्यातल्या ज्या शाळेत मी गणित शिकवते तिथल्या बाई मला बघायला आल्या आणि मीच त्यांना म्हटलं, बसा, रडू नका, पुढच्या सत्रात मी फळ्यापुढं उभी राहते की नाही बघा.

आणि राहिलेही. नवा पाय मिळाला, काठी घेऊन चालायला शिकले, मग काठी सुटली. कृत्रिम पायाचा वरचा भाग म्हणजे कडक प्लास्टिकचा एक खोल पेला असतो, त्याला सॉकेट म्हणतात. आपला उरलेला पाय त्यात बसतो आणि सगळ्या अंगाचा भार तिथंच पेलला जातो. वर लोकरीचा मोजा, मोज्यावर सॉकेट, वरून पट्टा. पहिले काही महिने मला त्याचा अभिमानच वाटायचा. पाचवीच्या पोरी विचारायच्या, मॅडम, दुखता है क्या? मी म्हणायची, नाही गं, बूट घातल्यासारखं वाटतं.

मग दुखायला लागलं. सकाळी बरं असायचं आणि दुपारची सुट्टी होईतो पायाच्या टोकाशी कुणी निखारा धरल्यासारखं व्हायचं. पाय काढून बघितला की टोक लालभडक, नंतर नंतर तिथली कातडी सोललेली. मला वाटलं, सॉकेट घट्ट होतंय. पाय बनवणाऱ्या केंद्रात गेले. तिथल्या तंत्रज्ञांना सगळे भैयाच म्हणत. त्यांनी आतून घासून, गरम करून ते जरा सैल करून दिलं. आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. मग मी मोजे कमी केले. दोन घालत होते, एकच घालू लागले. जखम रुपयाएवढी झाली, मग खोल गेली. मलम झाले, इंजेक्शनं झाली, शाळेला रजा झाली. पाय काढून घरी बसले की जखम सुकू लागायची, घालून चार दिवस चालले की पुन्हा उघडायची. शेवटी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी बोट लावून हाडाची कड दाखवली आणि म्हणाले, “हे असंच चिघळत राहिलं तर पुन्हा कापावं लागेल. मी गुडघा वाचवायचा प्रयत्न करीन, पण शब्द देत नाही.” भरती व्हायचा दिवसही ठरला.

गुडघा म्हणजे काय चीज आहे हे पाय गेलेल्या माणसालाच कळतं. गुडघा असला की आपण उठतो, बसतो, जिना चढतो, चालताना कुणाच्या लक्षातही येत नाही. गुडघा गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिल्याइतकं कधीच नाही. त्या दिवशी घरी येऊन मी देवघरापुढं बसले, पण हात जोडले गेले नाहीत. मनात म्हटलं, पाय मागितलास, दिला. कुरकूर केली नाही. आता हे काय? एवढं सगळं सोसल्यावर या एवढ्याशा जखमेवरून मला खाली बसवतोस? पुढच्या सोमवारी मी सकाळीच चहाबरोबर पोहे खाल्ले. आमचे हे दारात उभं राहून बघत होते. संध्याकाळी त्यांनीच दिवा लावला.

दोन-चार दिवसांनी म्हणाले, “चाल, राजिमले जाऊन येऊ. कुलेश्वराचं दर्शन घेऊ भरती व्हायच्या आंधी.”

“कशाले? त्याले ऐकाचं असतं तर एव्हाना ऐकलं असतं.”

“तू काही मागू नको. मी मागतो. तू नुस्ती माह्यासंगं चाल.”

नवऱ्यानं आजवर माझ्याकडं फारसं काही मागितलेलं नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं. देवासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. रेल्वेचा माणूस, त्यामुळं बसचं नावच नको. आम्ही छोट्या लाईनच्या गाडीनं निघालो. ती गाडी अभनपूरपर्यंत अशी रमतगमत जायची की खिडकीतून शेतातल्या माणसाशी बोलणं व्हावं. धानाची कापणी होऊन गेली होती, उन्हात ऊब होती. हे शेंगदाणे सोलून माझ्या हातावर ठेवत होते आणि मी तोंड फिरवून बाहेर बघत होते. पाय टोकाशी ठणकत होता. पट्टी बांधली होती, तरी ठणकत होता.

राजिमला राजीवलोचनाचं देऊळ काठावर आहे, पण कुलेश्वर महादेव आहे नदीच्या पात्रात. महानदी, पैरी आणि सोंढूर जिथं मिळतात तिथं उंच चौथऱ्यावर देऊळ उभं आहे. पावसाळ्यात चहूकडून पाणी, आणि पाणी ओसरलं की नुसती वाळू. त्या वाळूतून चालत जायचं आणि मग चौथऱ्याच्या उभ्या पायऱ्या चढायच्या. मी काठावरूनच ती वाळू बघितली. पाऊल टाकलं की पाऊल रुततं, आणि पाऊल रुतलं की सगळा भार सॉकेटमध्ये खाली जातो. पंधरा-वीस पावलं गेले असेन. डोळ्यांपुढं अंधारी आली. ह्यांचा दंड धरून म्हटलं, “तुमी जा. मले नाही जमत. आणि खरं सांगू, मनही नाही.” त्यांनी मला परत फिरवून काठावरच्या झाडाखाली आणून बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि एकटेच वाळूत उतरले. त्यांची पाठमोरी आकृती लहान लहान होत गेली. मला स्वतःचीच फार कीव आली, आणि कीव आली की राग येतो. देवळाच्या कळसाकडं बघून मी मनात म्हटलं, मी इथवर आले, आता पुढं येणार नाही. यायचं तर तू ये. हे प्रार्थनेच्या सुरात म्हटलं नव्हतं. भांडणाच्या सुरात म्हटलं होतं.

“डावा पाय ना? गुडघ्याखाली?”

बाजूला दगडांची चूल मांडून एक म्हातारी बाई परातीत कणीक मळत बसली होती. पांढरीशुभ्र सुती साडी, जाड चष्मा, आवाज खणखणीत. मी दचकले, कारण साडीतून माझा पाय दिसत नव्हता आणि रायपुरातले लोकसुद्धा मी लंगडते एवढंच म्हणत. तिनं मळता मळताच आपल्या उजव्या नडगीवर उलथन्याचा दांडा आपटला. टक टक असा आवाज झाला. “माझा उजवा. साप चावला होता. तुला वाळूत उतरताना पाहिलं तेव्हाच ओळखलं. अशी उचकी लागल्यासारखी चालत होतीस.”

ती मराठीतच बोलली, कारण आमचं नवरा-बायकोचं बोलणं तिनं ऐकलं होतं. बोलण्यातून कळलं की तिचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून बिलासपूरकडं वसलेलं, आणि ती एका मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. भाच्याबरोबर दर्शनाला आली होती. खरं तर सकाळीच निघायची होती, पण जीप चालूच होईना. भाचा मिस्त्री आणायला जवळच्या नवापाऱ्याला गेला होता. “म्हटलं, बसून काय करायचं, बाट्या लावून घेऊ,” ती म्हणाली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून, वर्गात प्रश्न विचारावा तशी: “कुठं दुखते?”

“टोकाशी. जखम झाली आहे.”

“मोजे किती?”

“एक.”

“काहून?”

“घट्ट होतं म्हणून.”

“घट्ट होते, का खाली टेकते?”

मला प्रश्नच कळला नाही. ती हात धुऊन, बैठक बदलून माझ्याजवळ सरकली. “हे बघ. पहिल्या वर्षी उरलेला पाय बारीक होत जातो. सूज उतरते, मांस आक्रसते. सॉकेट मात्र तेवढंच राहते. मग पाय त्यात खाली खाली घसरतो आणि टोक बुडावर आपटते. तुला वाटते घट्ट झालं. तू आणखी सैल करतेस, तो आणखी घसरतो. माझं अगदी हेच झालं होतं. नागपूरला एका सेंटरमध्ये मला एक युक्ती दाखवली, तीच तुला दाखवते. काढ पाय.”

भर काठावर, परक्या बाईपुढं पाय काढायचा? घरात ह्यांच्यासमोर काढतानासुद्धा मी दिव्याकडं पाठ करत असे. पण तिच्या आवाजात असं काही होतं की मी पाचवीतल्या पोरीसारखी पट्टा सोडू लागले. तिनं आपल्या पदरानं आडोसा केला. परातीतून सुपारीएवढी कणकेची गोळी घेतली, प्रसादाच्या पिशवीचा स्वच्छ कागद फाडून त्यात गुंडाळली आणि सॉकेटच्या अगदी बुडाशी टाकली. “आता घाल आणि उभी राहा. चालू नको. नुसती उभी राहा.”

मी तिचा खांदा धरून उभी राहिले. पुन्हा बसले, पाय काढला. तिनं आत हात घालून कागद बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. गोळीचा पापड झाला होता. इतका पातळ की मधोमध कागद कागदाला चिकटला होता.

“पाहिलंस? तुझा सगळा भार या टोकावर येतो आहे. हाडाच्या टोकाला भार घ्यायला देवानं बनवलेलंच नाही. भार घेतला जातो इथं,” तिनं माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली बोट दाबलं, “आणि इथं, बाजूच्या या मांसावर. चहूबाजूंनी धरलेला पाय खाली आपटत नाही.” मग पिशवीतून आपले जादाचे मोजे काढले, त्यातले दोन मला दिले. “घाल.” मी घातले. सॉकेटमध्ये पाय जाईना, मी दाबून बसवला. घट्ट, फार घट्ट वाटलं. तिनं नवी गोळी टाकली होती. उभी राहिले, बसले, काढला. या वेळी गोळी किंचित चपटी झाली होती, बस. आणि टोकाशी तो निखारा नव्हता. उभी असताना नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी त्या गोळीकडं बघत राहिले आणि माझे डोळे भरून आले. इतके दिवस मी जिथून सुटका मागत होते, तिथंच मला आणखी घट्ट धरलं जाण्याची गरज होती.

मी लगेच उठले. “मावशी, मी देवळात जाऊन येते.”

“मुळीच नाही,” ती म्हणाली. “जखम उघडी आहे. आज वाळूत जायचं नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत. जखम भरेपर्यंत पायच घालायचा नाही, कुबड्या घ्यायच्या. भरली की नवं माप द्यायचं. हे मोजे म्हणजे तात्पुरती सोय, औषध नाही. महादेव काय पळून चालला आहे?”

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. जीप दुरुस्त करून भाचा आला होता, घाई करत होता. तिनं अर्ध्या कच्च्या बाट्या निखाऱ्यातून काढून डब्यात भरल्या, दोन माझ्या हातात दिल्या. तिला हात धरून उभं करायला मी पुढं झाले तर म्हणाली, “हव, उठते मी माझी,” आणि खरंच उठली. जीपपर्यंत ताठ चालत गेली. त्या पायांत कुठला खरा आणि कुठला नाही, हे मलासुद्धा ओळखता आलं नसतं. नाव विचारायचं मला सुचलंच नाही. हे परत आले तेव्हा धूळ खाली बसत होती. त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि घाबरून विचारलं, “काहून रडून राहिली? जास्त दुखते का?” मी त्यांना बाटी दिली आणि म्हटलं, “बसा. सांगते.”

परतीच्या गाडीत मी बोलत होते आणि हे ऐकत होते. दर्शन न घेता मी परत चालले होते, पण मन असं शांत होतं की जणू कुणी हाक मारून, नावानिशी बोलावून सांगितलं होतं, थांब. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडं गेलो. ते आमचं बोलणं हसण्यावारी नेतील अशी मला धास्ती होती. त्यांनी नीट ऐकून घेतलं, जखम पाहिली, हाडाचा फोटो पुन्हा काढायला लावला. हाडात अजून संसर्ग उतरलेला नव्हता. म्हणाले, “मला कापायची हौस नाही. कुबड्या घ्या, पाय मुळीच घालू नका, ड्रेसिंग चुकवू नका. भरत असेल तर आपण थांबू.” भरतीचा दिवस आला आणि गेला. मी त्या दिवशी खाटेवर पाय उशीवर ठेवून वह्या तपासत होते. जखम कडेनं आत आत भरत आली, आणि एका सकाळी पट्टी सोडली तर खाली नवी, गुलाबी कातडी.

केंद्रातल्या भैयांना मी कणकेची गोष्ट सांगितली तेव्हा ते कपाळावर हात मारून म्हणाले, “दीदी, आप एक मोजे पे आ गई थीं, ये मुझे पूछना चाहिए था.” मी म्हटलं, मलाही सांगायला हवं होतं. मग त्यांनी प्लास्टरचं नवं माप घेतलं. हाड कुठं आहे, मांस कुठं आहे, जांभळ्या पेन्सिलीनं माझ्या पायावर खुणा केल्या. जिथं भार सोसतो तिथं साचा खोल केला, जिथं सोसत नाही तिथं जागा सोडली. नवं सॉकेट घालून मी दोन समांतर दांड्यांमध्ये उभी राहिले, तेव्हा ते म्हणाले, “पूरा वजन डालिए.”

मला टाकताच येईना. कित्येक महिने मी त्या पायाला जपत, उजव्या पायावर झुकत, हातानं काही ना काही धरून उभी राहिले होते. शरीराला सवयच झाली होती की डावीकडं भरवसा नाही. भैयांनी पुन्हा सांगितलं, अर्धं वजन टाकलं तर मला समजणार नाही की बसतंय कसं. मी डोळे मिटले. किती दिवसांनी माझ्या तोंडून महादेवाचं नाव आलं, ते त्या दांड्यांमध्ये आलं. लहानपणापासून म्हणत आले होते, देवा, तुझ्यावर भार. म्हणत मात्र होते, टाकला कधीच नव्हता. एक हात नेहमी कठड्यावर ठेवलेला असायचा. त्या क्षणी दोन्ही हात सोडले आणि सगळीच्या सगळी डावीकडं झुकले. पडले नाही. गुडघ्याखाली, पोटरीच्या उरल्यासुरल्या मांसावर, चहूबाजूंनी काहीतरी घट्ट, एकसारखं मला धरून होतं. भैयांनी विचारलं, “दर्द?” मी नाही म्हणून मान हलवली. ह्यांनी तोंड फिरवून रुमाल काढला.

लोक मला विचारतात, ती बाई कोण होती? कुणी म्हणतं, साक्षात देवीच. मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की ती एक निवृत्त मुख्याध्यापिका होती, तिचा उजवा पाय सापानं नेला होता आणि त्या सकाळी तिची जीप बंद पडली होती. एवढंच माझ्यासाठी पुरेसं आहे. मी भांडून म्हटलं होतं, यायचं तर तू ये. आणि जे यायचं होतं ते परातीत कणीक मळत माझ्याआधीच येऊन बसलेलं होतं. आता मी नव्यानं पाय गेलेल्या कुणाला भेटले की पहिला प्रश्न विचारते, मोजे किती घालता? आणि जास्त सहन करू नका, बोला, दाखवा, असं बजावून सांगते. देवावर भार टाकणं म्हणजे दुखणं लपवून बसणं नव्हे, हेही मी त्याच काळात शिकले.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा राजिमला गेलो. वाळू तशीच होती. ह्यांनी दंड पुढं केला, मी तो धरला, पण भार टाकला नाही; नुसता सोबतीला धरला. चौथऱ्याशी आल्यावर मी पायऱ्यांकडं वर बघितलं. मग दंड सोडला आणि चढू लागले. एक पायरी उजव्या पायानं, पुढची डाव्या पायानं, त्याच्या पुढची पुन्हा उजव्या. एका एका पायरीवर दोन्ही पाय जुळवत नव्हे, तर सगळं जग चढतं तशी. प्रत्येक वेळी माझा डावा गुडघा वाकत होता, उचलत होता, मला वर नेत होता. तो माझा स्वतःचा गुडघा होता. वरपर्यंत मी त्याचेच आभार मानत गेले, आणि गाभाऱ्यात पोचल्यावर मागायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून नुसती उभी राहिले, दोन्ही पायांवर सारखी.